म्युनिसिपालिटीचे ठराव व आपण

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आहेत, तह आहेत, राष्ट्रीय सभेचीं अधिवेशनें आहेत, देशभक्तांचे तुरुंगवास आहेत. हें सर्व तेथें असावें हें योग्यच आहे. परंतु एक गोष्ट तुम्हांस त्या पुस्तकांत क्वचितच आढळेल, आणि ती म्हणजे गांवच्या म्युनिसिपालिटीच्या एखाद्या साध्या सभेचा वृत्तांत. गटारें, दिवे, नळ, जकातनाकीं, शाळेचें छप्पर, कचऱ्याच्या गाड्या असल्या विषयांवर कोण काय बोलला व कोणता ठराव झाला, हें सांगण्याजोगें आहे असें पुस्तककर्त्यांस वाटत नाहीं. आपणही घरीं-दारीं म्युनिसिपालिटीचें नांव काढतों तें बहुधा तिची थट्टा करण्याकरितां. नागरिकशास्त्राच्या तासाला हा धडा आला म्हणजे वर्गांतील हुशार मुलेंसुद्धां जांभया देऊं लागतात. राज्याचा कारभार तो थोर आणि गटाराचा कारभार तो क्षुद्र, अशी त्यांची समजूत झालेली असते; आणि खरें सांगावयाचें तर ती समजूत त्यांनीं आपल्या वडील माणसांपासूनच घेतलेली असते.

ही समजूत चुकीची आहे, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे. माणसास माणूस म्हणून वागविलें जातें कीं नाहीं, याची खरी परीक्षा या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या कारभारांतच होते. आणि या परीक्षेंत केवळ सभासद बसलेले नसून गांवांतील प्रत्येक घर बसलेलें असतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतील आपल्या इकडील कांहीं उदाहरणांवरून हें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हा कारभार होता तरी काय, तें पाहूं. नगरांच्या व्यवस्थेसाठीं कमिट्या आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच होत्या. परंतु त्यांत सरकारी अंमलदारांचें वर्चस्व असे. ता. १८ मे १८८२ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याविषयींचा आपला सुप्रसिद्ध ठराव काढिला. लोकांस राज्यकारभाराचें शिक्षण मिळावें, हा त्या ठरावाचा मुख्य हेतु होता. कारभार त्यामुळें लागलीच अधिक चांगला होईल असा त्यांत दावा नव्हता. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं कायदा झाला, व १९०१ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला. या कायद्यानें म्युनिसिपालिटीच्या कर्तव्यांचे दोन वर्ग केले होते. रस्ते झाडणें, त्यांवर दिवाबत्ती करणें, गटारें बांधणें, आग विझविणें, मोडकळीस आलेलीं घरें उतरविणें, जन्ममृत्यूची नोंद ठेवणें, देवी टोंचविणें, प्राथमिक शाळा चालविणें हीं कामें केलीच पाहिजेत, अशा वर्गांत होतीं. बागा, वाचनालयें, झाडें लावणें हीं ऐपत असेल तर करावयाचीं. म्हणजे मूल जन्मास आल्याची नोंद, त्याच्या दंडावरची देवी, त्याची पहिली शाळा, तो चालतो तो रस्ता आणि शेवटीं त्याच्या मृत्यूची नोंद, एवढा सगळा संसार या एका संस्थेकडे होता. ज्यास आपण क्षुद्र म्हणतों तो व्याप असा जन्मापासून मरणापर्यंत पसरलेला होता.

आतां तिची एखादी सभा डोळ्यांपुढें आणा. मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करणें, हें पहिलें काम. त्यानंतर अमक्या गल्लीच्या तोंडाशीं कंदील हवा म्हणून रहिवाशांचा अर्ज. रॉकेलच्या दिव्यांचा मक्ता कोणास द्यावा याचा विचार. ओटा रस्त्यावर पुढें आला म्हणून घरमालकास द्यावयाची नोटीस. जकातनाक्यावरील कारकुनाविरुद्ध तक्रार. मराठी शाळेच्या मास्तरांची रजा. अनेक गांवांत तेलाची काटकसर म्हणून चांदण्या रात्रीं दिवे लावीत नसत. आकाशांत ढग आले तरी तिथीप्रमाणें चांदणें आहेच असें धरून चालत, आणि लोक अंधारांत ठेंचाळत. याचें आज आपणांस हसूं येतें. परंतु तें रॉकेल कोणाच्या पैशानें येत होतें, हें विचारलें म्हणजे हसूं मावळतें. पुष्कळ गांवांत उत्पन्नाची मोठी बाब म्हणजे जकात. गांवांत येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर ती बसे. म्हणजे ज्याच्या घरास घरपट्टी नव्हती, कारण त्यास घरच नव्हतें, तोही रोजच्या भाकरीबरोबर म्युनिसिपालिटीस आपला वांटा देत होता. मात्र मत देण्याचा अधिकार ठराविक कर भरणाऱ्या, मिळकतवाल्या किंवा शिकलेल्या थोड्या लोकांसच होता. पैसा सर्वांचा आणि मत थोड्यांचें, हा त्या काळच्या कारभाराचा मूळचा दोष होय. दिवा कोणत्या गल्लींत लागावा आणि कोणत्या गल्लींत लागूं नये, हें बहुतेक ठिकाणीं त्या दोषानेंच ठरविलें.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी होती. तेथें १८८८ चा स्वतंत्र कायदा चालू होता. कॉर्पोरेशनचे सभासद ७२. त्यांपैकीं ३६ कर देणाऱ्यांनीं वॉर्डावॉर्डांतून निवडलेले, १६ जस्टिस ऑफ दि पीस या वर्गानें निवडलेले, २ विश्वविद्यालयाच्या फेलोंचे, २ चेंबर ऑफ कॉमर्सचे, व उरलेले १६ सरकारनें नेमलेले. ठराव कॉर्पोरेशननें करावयाचा. खर्चावर बारा सभासदांच्या स्थायी समितीनें नजर ठेवावयाची. आणि अंमलबजावणी सरकारनें नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरनें करावयाची, अशी ही त्रिविध रचना होती. ठराव करणारा हात निराळा आणि तो अमलांत आणणारा हात निराळा, हें वाचकांनीं येथें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

या कॉर्पोरेशनपुढें येणारे विषय तरी कोणते? मुख्यतः पाणी आणि घाण. विहारचें पाणी मुंबईस १८६० सालीं आलें, तुळशीचें १८७९ सालीं, आणि तानसाचें १८९२ सालीं. तरीही १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. पाणी आणणें ही एक गोष्ट, सांडपाण्याचा निचरा करणें ही दुसरी, आणि दाटीवाटीच्या चाळींत उजेड व हवा पोहोंचविणें ही तिसरी. एक केली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप होत नाहींत, हा धडा शहरास फार महागांत शिकावा लागला. त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांतील तापाच्या रोग्यांस पाहून हा प्लेगच आहे, असें निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे कॉर्पोरेशनचे सभासद होते. ते मूळचे गोमंतकांतील. तेच गृहस्थ १९०६ सालीं कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. रोग्याच्या खाटेपाशीं जें दिसलें तें कमिटीच्या टेबलापाशीं येऊन सांगणें, यापलीकडे नगरसेवेची निराळी व्याख्या करण्याची गरज आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

या कामांत मोठीं माणसें पडलीं नाहींत असेंही नाहीं. सर फिरोजशहा मेहता राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेले आणि वरिष्ठ कायदेमंडळांत गाजलेले. तथापि मुंबई कॉर्पोरेशनचें अध्यक्षपद त्यांनीं चार वेळां भूषविलें, आणि त्यांचा पुतळा उभा आहे तो कॉर्पोरेशनच्या इमारतीसमोर. नामदार गोखल्यांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत साऱ्या हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें, आणि त्याच सुमारास ते पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही होते. कोट्यवधि रुपयांच्या जमाखर्चावर बोट ठेवणारा मनुष्य पुण्याच्या गटारांच्या खर्चाचे कागद वाचीत बसे. यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. आपल्यास मात्र प्रभागसभेची नोटीस वाचण्यांतही कमीपणा वाटतो.

येथवर सांगितलें तें कोणासही पटेल. परंतु नळ आणि गटारें हीं उपयोगाचीं आहेत एवढेंच सिद्ध करावयाचें असतें, तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. या सामान्य ठरावांच्या आड माणसामाणसांतील न्यायाचा प्रश्न कसा दडलेला असतो, हें पाहण्यासाठीं दोन उदाहरणें घेऊं. पहिलें मुलींच्या शाळेचें आहे आणि दुसरें पाण्याचें.

मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करतां यावें, म्हणून विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें १९१८ सालीं कायदा झाला. कायदा झाला खरा, पण त्यानें सक्ती केली नाहीं; सक्ती करावयाची कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम गांवोगांवच्या म्युनिसिपालिटीवर सोंपविलें. पुणें म्युनिसिपालिटीपुढें हा विषय आला, तेव्हां पैसा पुरणार नाहीं, या सबबीवर आधीं मुलग्यांपुरतीच सक्ती करावी, मुलींचें मागाहून पाहूं, असें म्हणणारा पक्ष निघाला. आणि त्या पक्षांत देशभक्त म्हणून पूज्य मानलेलीं माणसें होतीं. १९२० सालच्या आरंभीं यावरून पुण्यांत मोठा वाद माजला. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांनीं मुलींची बाजू उचलून धरली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्याच्या स्त्रिया मिरवणुकीनें रस्त्यावर आल्या, व मुलींसही शिक्षण सक्तीचें करा, ही आपली मागणी त्यांनीं मांडिली. मुद्दा नीट ध्यानांत घ्या. सभेच्या कागदावर तो केवळ जमाखर्चाचा मुद्दा होता; अमुक हजार रुपये आहेत, त्यांत किती मुलें बसतील, एवढाच. परंतु 'मुलें' या शब्दांत मुली येतात कीं नाहींत, हा प्रश्न त्या हिशेबाच्या मुळाशीं होता, आणि तो प्रश्न हिशेबनिसानें सोडवावयाचा नव्हता. पैसा अपुरा असला म्हणजे कोणास तरी थांबावयास सांगावें लागतें, हें खरें. परंतु दर वेळीं थांबावयाचें कोणी, हें आपण विचारीत नाहीं. आणि पहावें तों थांबणारा नेहमीं तोच असतो, ज्यास मत नाहीं.

आतां दुसरें उदाहरण. तें कोंकणांतील महाडचें आहे, व तें सविस्तर सांगावें लागेल.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, दवाखाने हीं अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुलीं असावींत, असा त्याचा आशय होता. सरकारनें त्यास अनुसरून आपल्या खात्यांस व स्थानिक संस्थांस कळविलें. महाड म्युनिसिपालिटीनें त्याप्रमाणें १९२४ सालीं ठराव करून गांवांतील चवदार तळें सर्वांस खुलें केलें.

ठराव मंजूर झाला. इतिवृत्ताच्या वहींत त्याची नोंद झाली. पुढें काय झालें? कांहीं झालें नाहीं. तळें होतें तेथेंच होतें. त्याचें पाणी स्पृश्य हिंदु घेत, मुसलमान घेत, गुरें पीत. परंतु ज्यांच्यासाठीं ठराव झाला होता त्यांपैकीं एकही मनुष्य तेथें ओंजळ भरूं शकला नाहीं. त्यांस अडविणारा कोणी शिपाई नव्हता, कोणता कायदाही नव्हता. अडवीत होते ते शेजारी. वहींतील ठरावानें तळें उघडलें, आणि गांवाच्या डोळ्यांनीं तें बंद ठेविलें. अशीं तीन वर्षें गेलीं.

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास परिषद भरली. परिषदेचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर होते. २० तारखेस प्रतिनिधि शांतपणें मिरवणुकीनें तळ्यावर गेले, आणि डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्यामागून इतरांनीं त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यांनीं नवा हक्क मागितला नाहीं. म्युनिसिपालिटीनें लिहून दिलेला हक्क त्यांनीं बजावला, एवढेंच. त्यानंतर गांवांत खोटी अफवा उठली, परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला, पुष्कळांस मार बसला. आणि मग तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं महाड म्युनिसिपालिटीनें आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. कायदेमंडळांत बोले यांचा ठराव झाल्यास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं.

एकाच संस्थेचे हे दोन ठराव शेजारीं शेजारीं ठेवून पहा. दोन्ही रीतसर सभेंत झाले. दोन्हींस सूचक होते, अनुमोदक होते. दोन्ही इतिवृत्तांत नोंदले गेले. वाचतांना दोन्ही सारखेच थंड आणि सारखेच नीटनेटके दिसतात. परंतु पहिला तीन वर्षें वहींत पडून राहिला, आणि दुसऱ्याच्या अंमलबजावणीस एका दिवसाचाही विलंब लागला नाहीं. कां? कारण दुसऱ्या ठरावामागें गांवचा संघटित हट्ट होता, आणि पहिल्यामागें कांहीं थोड्या सज्जनांच्या इच्छेपलीकडे कांहीं नव्हतें. पहिला ठराव करणारे सभासद वाईट नव्हते. त्या वेळच्या मानानें त्यांनीं धैर्यच दाखविलें. परंतु ठराव केला म्हणजे काम झालें, असें गांवानें मानलें. तळ्यावर उभें राहून 'यावें, पाणी घ्यावें' असें म्हणणारा शेजारी निघाला असता, तर तीन वर्षें वाट पहावी लागली नसती.

या प्रकरणाचा शेवट न्यायालयांत झाला. तळें खाजगी आहे, व अस्पृश्यांस तेथें मनाई करण्याची फार जुनी वहिवाट आहे, असें म्हणून कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दावा लाविला. दहा वर्षें खटला चालून १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला, कीं वादींस अशी अनादि वहिवाट सिद्ध करतां आली नाहीं. चवदार तळें सर्वांचें ठरलें. पाण्याच्या एका ओंजळीसाठीं कायदेमंडळाचा एक ठराव, म्युनिसिपालिटीचे दोन, एक सत्याग्रह, आणि दहा वर्षांचा खटला लागला.

यावर कांहीं आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करणें अवश्य आहे. कोणी म्हणतील, त्या काळीं परक्यांचें राज्य होतें. म्युनिसिपालिटीस खरा अधिकार होता कोठें? ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याची सत्ता कलेक्टरच्या हातीं होती, मग दोष गांवास कां द्यावा? सर्वसाधारणपणें हें म्हणणें बरोबर आहे. पुष्कळ चांगल्या ठरावांचा गळा वरून दाबला गेला. परंतु महाडास तसें झालें नाहीं. तेथें कायदेमंडळ अनुकूल होतें, सरकारचा हुकूम अनुकूल होता, खुद्द म्युनिसिपालिटीचा ठराव अनुकूल होता. प्रतिकूल होता तो फक्त शेजार. परक्या राज्याच्या माथीं आपण पुष्कळ गोष्टी मारूं शकतों. ही गोष्ट मारतां येत नाहीं.

दुसरे म्हणतील, तळें खुलें झालें तें सत्याग्रहानें आणि न्यायालयाच्या निकालानें. म्युनिसिपालिटीच्या ठरावाचें त्यांत काय महत्त्व? आम्हांस वाटतें, महत्त्व आहे आणि पुष्कळ आहे. तो ठराव नसता, तर तळ्यावर जाणारे लोक दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क सांगावयास निघाले आहेत, असें म्हणण्यास विरोधकांस जागा होती. ठराव होता म्हणून ते आपल्याच गांवच्या, आपल्याच पैशाच्या वस्तूपाशीं गेले. ठराव अपुरा असतो, निरुपयोगी नसतो. ज्यानें तो अपुरा आहे हें ओळखून त्यापुढचें पाऊल टाकिलें, त्याच्या हातीं तो शस्त्रासारखा उपयोगी पडला. ज्यांनीं तो पुरा आहे असें मानलें, त्यांच्या हातीं तो कागद राहिला.

तिसरा आक्षेप आपल्या घरांतला आहे, आणि तो पालकमंडळींकडून येतो. 'मास्तर, तें राजकारण फार घाणेरडें असतें. आमच्या मुलास त्यापासून दूर ठेवा.' पालकांची काळजी आम्ही समजूं शकतों. पक्षभेद, मक्त्यांतील लाचलुचपत, नातलगांस नोकऱ्या हें सर्व त्या काळींही होतें आणि पुढेंही राहिलें. परंतु घाण आहे म्हणून झाडूच हातीं घ्यावयाचा नाहीं, हा न्याय आपण आपल्या अंगणास लावतों काय? शिवाय दूर राहणें हें दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं. महाडास तळ्यावर मारहाण करणारे थोडे होते. घरांत बसून राहिलेले पुष्कळ होते. त्या पुष्कळांपैकीं बहुतेक सज्जन असतील, आपलीं मुलें चांगलीं निघावींत अशी इच्छा धरणारेही असतील. पण त्यांच्या दूर राहण्यानेंच पहिला ठराव निर्जीव झाला, आणि दुसऱ्यास वाट मोकळी मिळाली.

आपल्या काळाकडे वळूं. जुन्या कारभाराचा मूळ दोष म्हणून जो वर सांगितला, तो कायद्यानें दूर झाला आहे. मुंबईंत १९२२ सालच्या सुधारणेनें महिना दहा रुपये भाडें भरणारास मत मिळालें, आणि १९४८ सालीं तेथील निवडणूक प्रौढ मतदानानें झाली. ता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या संविधानांत मूलभूत हक्कांच्या प्रकरणांत विहिरी, तळीं, स्नानघाट, रस्ते हे शब्द आहेत. सरकारी पैशानें चाललेल्या या जागा धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही बंद करतां येत नाहींत. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानांत तळ्याचें आणि विहिरीचें नांव कां यावें, असा प्रश्न ज्यास पडेल, त्यानें महाडची गोष्ट पुन्हां वाचावी. पुढें ७४ व्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून नगरपालिकांस संविधानांतच स्थान मिळालें, आणि महाराष्ट्रांत २०११ पासून नगरपालिकांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवण्याचा कायदा झाला. १९२० सालीं ज्यांस रस्त्यावर येऊन मुलींसाठीं शाळा मागावी लागली, त्यांच्या पणत्यांस आतां सभेंत बसून ती मंजूर करतां येते.

म्हणजे मत आलें, जागा आली, कायदा आला. उरलें तें एवढेंच, कीं ठराव आणि माणूस यांमधील अंतर कोणी चालून जावयाचें. तें अंतर कायदा चालत नाहीं. आजही शहरांत नळाचा ठराव होतो, आणि पाणी एका वस्तीस दोन वेळां व दुसरीस रात्रीं अवेळीं येतें. दिव्याचा ठराव होतो, आणि खांब उभा राहून दिवा लागत नाहीं. सफाईचा ठराव होतो, आणि गटारांत उतरविला जातो तो माणूस पिढ्यान् पिढ्या त्याच घरांतला असतो. हें आपणांस दिसतें. दिसूनही तें आपलें काम नव्हे, असें आपण मानतों. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत महाडच्या सज्जनांचीं मनें कशीं चाललीं असतील, हें समजावयास आपणांस लांब जावें लागत नाहीं.

तेव्हां आमचें विद्यार्थ्यांस सांगणें असें आहे. पुस्तकांतील थोर पुरुषांबद्दल आदर बाळगा. पण त्याबरोबर तीन साध्या गोष्टी शिका. पहिली, आपल्या नगरपालिकेचें अंदाजपत्रक हातीं घेऊन वाचण्याची. त्यांतील आंकडे तुमच्या गणिताच्या पुस्तकांतील उदाहरणांहून अवघड नाहींत. दुसरी, कोणताही ठराव ऐकला म्हणजे 'यांत कोण राहून गेला?' असा प्रश्न विचारण्याची. तिसरी, आणि सर्वांत कठीण, ठराव झाल्यानंतर सहा महिन्यांनीं त्या जागीं जाऊन पाहण्याची. पहिल्या दोन गोष्टी वर्गांत शिकवितां येतील. तिसरीसाठीं पाय झिजवावे लागतात.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. आपण नगरसेवकाकडे जातों तें बहुधा आपल्या घरचा नळ, आपल्या दारचा खांब, आपल्या मुलाची नोकरी यांसाठीं. त्यानेंही मग तेवढेंच करावयाचें, असा पायंडा पडतो. आणि पुढें तोच स्वार्थी म्हणून आपण त्यास नांवें ठेवतों. वर्षांतून एकदां तरी, जी अडचण आपली नाहीं तिच्यासाठीं त्याच्या दारीं जा, आणि जातांना मुलास बरोबर न्या. पलीकडच्या वस्तींत पाणी कां येत नाहीं, असें आपल्या वडिलांनीं विचारलेलें ज्या मुलानें ऐकलें, त्यास नागरिकशास्त्राच्या धड्यांत जांभई येणार नाहीं.

शेवटीं एक सूचना. आपल्या वादविवाद मंडळांत दरवर्षीं 'लेखणी श्रेष्ठ कीं तलवार श्रेष्ठ' असले विषय येतात, व मुलें त्यांवर पाठ केलेलीं वाक्यें बोलतात. यंदा मंडळानें गांवांतील एकच ठराव निवडावा, नळाचा, दिव्याचा किंवा शाळेचा. दोन मुलांनीं तो कसा झाला हें कागदांवरून सांगावें, दोघांनीं त्या जागीं जाऊन काय पाहिलें तें सांगावें, आणि मग या दोहोंमधील अंतरावर वाद व्हावा. बक्षीस कोणास द्यावयाचें तें परीक्षक ठरवितील. जें सांगितलें गेलें तें मात्र या अंकाच्या पुढील वर्षाच्या पानांत छापावें, म्हणजे तें वाचून नगरपालिकेस आणि आपणांसही जाब द्यावा लागेल.